शेठचा तिसरा पिच्चर

कोणाच्याही घरी गेला की तो आधी भिंतीवरून हात फिरवायचा. समोर पाण्याचा तांब्या आला तरी त्याचं लक्ष नसे. तळवा भिंतीला टेकवून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचा, मग चार पावलं मागे सरून डोळे बारीक करायचा आणि घरमालकाला सांगायचा, "चुना मार रं हिला. पिच्चर बेस दिसंल." साखरपुडा असो, बारसं असो, भिंत दिसली की हात गेलाच. एकदा तेराव्याला गेलो होतो. तिथेही त्यानं हेच केलं, आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं. घरमालक मात्र डोळे पुसत म्हणाला, "मागची भिंत याहून मोठी आहे, शेठ. बघून घ्या."

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. लोक त्याला हसतात आणि त्याच्या मागे जातातही. आमच्या उरणात दोन ट्रेलर दारात उभे राहिले की माणसाला शेठ म्हणतात. त्याचे दोनाचे चार झाले होते, बंदराच्या कंटेनरांवर धंदा चांगला चालला होता. वयाच्या चाळिशीत त्याच्या डोक्यात पिच्चर शिरला आणि चाराचे परत दोन झाले. शेठ हे नाव मात्र कोणी काढून घेतलं नाही. तोंडावर मी त्याला 'तुम्ही' म्हणायचो. आठवताना 'तो'च आठवतो, म्हणून इथेही तसंच लिहितो.

मी मूळचा चौलचा. नारळ-सुपारीच्या वाडीत माझं मन लागलं नाही. उरणला येऊन फोटो स्टुडिओ टाकला आणि तीस वर्षं लग्नांचं शूटिंग केलं. एक दिवस हा दुकानात आला, सवयीप्रमाणे माझ्या भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "फोटोवाल्या, लग्नाचा पिच्चर काढतंस ना? मंग बिनलग्नाचा काढ." मी म्हटलं, शेठ, सिनेमाचा कॅमेरा वेगळा असतो, माणसं वेगळी असतात. तो म्हणाला, "मानसं हायत की. गाव भरलंय."

पहिला पिच्चर मिठागरावरचा. सगळे नट म्हणजे त्याचे चुलते, मेहुणे आणि ट्रेलरचे ड्रायव्हर. बोली आगरी, कारण दुसरी कोणाला येतच नव्हती. अर्धं शूटिंग झालं आणि नायकाचे वडील वारले. पिच्चरमधले नव्हे, खरे; म्हणजे नायकाचं काम करणाऱ्या शेठच्या मावसभावाचे. दहाव्याला पोरानं रीतसर डोकं केलं. आता काय करायचं? मी म्हटलं, दोन महिने थांबू, केस येतील. शेठ दोन दिवस विचार करून आला. म्हणाला, "पिच्चरमधला बाप पन मारू." आणि पिच्चरमधल्या बापालाही मारला. गोष्टीला एकदम वजन आलं. पुढे लोक मला विचारायचे, ते मधेच बापाला मारायचं कोणाला सुचलं हो? मी शेठकडे बोट दाखवायचो, आणि शेठ आकाशाकडे.

नव्या मुंबईतल्या एका थिएटरनं त्याला मंगळवारी दुपारचा एकच खेळ दिला. त्यानं नातेवाइकांच्या गाड्या भरून नेल्या. बायकांनी घरून तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी नेली होती. दारावरच्या माणसानं डबे बाहेर ठेवायला सांगितले, तेव्हा शेठ त्याच्याशी भांडला नाही. सगळ्यांना बाहेरच्या पायऱ्यांवर बसवून आधी जेवायला घातलं, मग आत नेलं. पहिली वीस मिनिटं निघून गेली होती. परत येताना म्हणाला, "त्यांचा थिएटर त्यांना. आपन जेवून पिच्चर बघनारी मानसं." त्यानंतर त्यानं पडदा, प्रोजेक्टर आणि दोन मोठे स्पीकर घेतले, टेम्पोत घातले आणि गावोगाव निघाला. देवळापुढे, शाळेच्या पटांगणात, हळदीच्या मांडवात, चुना मारलेल्या भिंतीवर. मी त्याच्याबरोबर. तुम्ही विचाराल, तुला काय मिळत होतं? आता आठवायला गेलो तर भाकऱ्या तेवढ्या आठवतात.

दुसरा पिच्चर दिवेआगरच्या एका वाडीत काढला. निम्मा झाला आणि वादळ आलं. महिन्याभरानं आम्ही परत गेलो तर ज्या माडांखाली नायिका रुसून बसली होती ते माड आडवे पडलेले, घरावर कौल नाही. शेठनं कॅमेरा पेटीतून काढूच दिला नाही. आठ दिवस आम्ही सगळ्यांनी, नायिकेसकट, वाडीतली पडलेली झाडं ओढली. मग उरलेला पिच्चर तसाच काढला. अर्ध्यात माड उभे, अर्ध्यात आडवे. कोणी नावं ठेवली की म्हणायचा, "मना नको विचारू. वादलाला विचार."

हे दोन्ही पिच्चर त्याच्या लेखी तालीम होते. त्याला काढायचा होता तो तिसरा, आणि तो त्याच्या आईवरचा होता.

त्याची आई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणारी बाई असते, तिच्या गाण्याशिवाय जुन्या लोकांना लग्न लागलंसं वाटत नाही. मांडवाला, हळदीला, पाण्याला, प्रत्येकाला वेगळा धवला. कागदावर काही नाही, सगळं डोक्यात. म्हातारीनं आजूबाजूच्या गावांतली दोन पिढ्यांची लग्नं लावली होती. तिच्या जोडीला गाणारी जाऊ कधीच गेली, तेव्हापासून ती एकटी गात होती. शेठ लहानपणी तिच्या लुगड्याचा सोगा धरून मांडवामांडवात हिंडलेला. बाप मिठागरावर साप चावून गेला, तेव्हा हा पाच वर्षांचा होता. बापाचा फोटोसुद्धा नाही.

आता नीट ऐका, कारण सगळं इथेच अडलं होतं. शेवटचा मोठा धवला लग्न लागायच्या आधी गातात. त्यात म्हातारी त्या घरातल्या गेलेल्या माणसांना नाव घेऊन मांडवात बोलवायची. अमक्या या, तमक्या या, तुमच्या लेकराचं लग्न आहे. जुन्या बायका नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत. तिनंही नवरा असताना घेतलं नाही आणि गेल्यावरही नाही. घेईल ती फक्त धवल्यात, आणि तेही आपल्या घरच्या मांडवात. शेठ एकुलता एक. दुसऱ्यांच्या मांडवात विधवेनं गायलेलं चालायचं, पण त्याच्या स्वतःच्या लग्नात ती विधवा आई म्हणून मागच्या खोलीत बसून राहिली होती आणि धवला दुसरीनं गायला होता. म्हणजे आईच्या तोंडून बापाचं नाव त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. त्याला ते ऐकायचं होतं आणि ठेवायचं होतं. तिसरा पिच्चर म्हणजे एवढंच होतं, बाकीची गोष्ट त्याभोवती.

आम्ही आधी शहाणपणा केला. पटांगणात खोटा मांडव घातला, खोटी नवरी बसवली आणि म्हातारीला बोलावलं. तिनं मांडवाकडे पाहिलं आणि ती बाहेरच बसली.

"खोट्या मांडवान धवला गात नाय बाबा."

"आये, पिच्चरसाठी हाय."

"मी मेल्या मानसांना बोलवतंय. ती आयली आनि बगतान त नवरी खोटी. मंग त्यांना काय सांगू, पिच्चर हाय?"

शेठनं त्याच दिवशी मांडव सोडला. "घरचंच लगीन होऊ दे," म्हणाला. त्याची मुलगी तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तो थांबला. गावानं त्याची थट्टा मांडली, पिच्चरसाठी पोर उजवतोय म्हणून. त्यानं मुलीला एका शब्दानं घाई केली नाही. चार वर्षांनी तिनंच आपल्या पसंतीचा मुलगा सांगितला. जूनच्या पहिल्या आठवड्यातला मुहूर्त निघाला, पावसाळ्याआधीच्या शेवटच्या मुहूर्तांपैकी एक.

आवाजासाठी शेठनं मुंबईहून एक माणूस बोलावला होता. लांब काठीला केसाळ माईक लावून तो आला. म्हातारी म्हणाली, ते मांजर मांडवात नको. माणूसही नको, परका आहे. "आपला फोटोवाला हाय ना? त्यो असला त चालंल." शेठनं माझ्याकडे पाहिलं. "तुज्या कॅमेऱ्यान आवाज येतो ना रं?"

मी म्हटलं, "येतो म्हणजे? काळजीच सोडा."

हे वाक्य मी बोललो. मला कोणी बोलायला लावलं नव्हतं.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो. लग्नाच्या व्हिडिओत खरा आवाज कोणालाच नको असतो. त्यात डीजे फाटत असतो, आचारी ओरडत असतो, नवरीचा काका मानपानावरून भांडत असतो. आम्ही चित्र घेतो आणि मागाहून त्यावर सिनेमाची गाणी चढवतो. म्हणून मी माझ्या दोन्ही कॅमेऱ्यांच्या आवाजाची बटणं शून्यावर आणून त्यांवर चिकटपट्टी लावून टाकली होती. किती वर्षांपूर्वी ते मलाही आठवत नाही. पट्टी पिवळी पडून कॅमेऱ्याच्याच रंगाची झाली होती. तिथे बटण आहे हेच मी विसरलो होतो.

त्या दिवशी मी भिंगं तीनदा पुसली. बॅटऱ्या रात्रभर चार्ज केल्या. एक कॅमेरा हातात, दुसरा कोपऱ्यात स्टँडवर, सगळा मांडव दिसेल असा. शेठ स्वतः मांडवाच्या दारात परात घेऊन उभा होता आणि येणाऱ्याचा मोबाईल परातीत ठेवून घेत होता. मधेच कोणाचा वाजायला नको म्हणून. डीजेवाल्याची वायर त्यानं स्वतःच्या हातानं काढली. म्हातारी पाटावर बसली, डोळे मिटले, आणि अकरा मिनिटं गायली. मांडवात इतकी शांतता मी पूर्वी कधी अनुभवली नव्हती. मी तिच्या चेहऱ्यावरून कॅमेरा हलवला नाही. एका जागी तिचा आवाज खाली उतरला, तिनं एक नाव घेतलं, आणि मागच्या बायका रडायला लागल्या. आवाज मी ऐकला. कानांनी ऐकला, एवढंच.

तिसऱ्या दिवशी दुकानात कार्ड लावलं. चित्र सुरेख होतं. स्पीकर वाढवला, अजून वाढवला, वायर बदलून पाहिली. मग कॅमेरा हातात घेतला आणि पट्टीवर अंगठा गेला.

मी गेलो तेव्हा शेठ अंगणात मांडवाच्या दोऱ्या सोडत होता. मी सांगितलं. त्यानं हातातली गाठ सोडवून पुरी केली, दोरी गुंडाळली आणि बांबूला टेकून उभा राहिला. मला वाटलं, आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"दुसऱ्या कॅमेऱ्यान पन नाय?"

"नाही."

"आयेला सांगू नको."

एवढंच बोलला. तेवढ्यात म्हातारी ओटीवर आली आणि मला पाहून हसली. "काय रं, माजा आवाज कसा आयला?" मी म्हटलं, "छान आला, आई." ती म्हणाली, "घसा बसला व्हता जरा." मी म्हटलं, "कळत नाही त्यात."

मुहूर्त संपले होते. आता तुळशीचं लग्न होईपर्यंत कोणाच्या दारी मांडव पडणार नव्हता. शेठनं आईला समजावलं की पिच्चरला सगळं दोनदा घ्यावं लागतं. ती कुरकुरली, मग कबूल झाली. मांडव घरचा नव्हता, भावकीतला होता, तरी लेकासाठी या एका वेळी त्यातही नवऱ्याचं नाव घ्यायला ती तयार झाली. दिवाळीनंतरच्या एका पुतण्याच्या लग्नात गाईन, म्हणाली. मी नवा माईक आणला, हेडफोन आणले, पट्टी ओरबाडून काढली. शेठ रोज तिच्यासाठी काढा करायचा. घशाला गार लागू नये म्हणून पावसाळाभर तिला ओटीवर बसू दिलं नाही. नवरात्रात तिला ताप आला आणि पाचव्या माळेला ती गेली.

लोकांनी सुचवलं, दुसऱ्या धवलारणीकडून आवाज भरून घे. शेजारच्या गावची एक म्हातारी तयारही झाली, कारण मांडव खरा होता, नुसतं चित्र बघून गायचं होतं. पडद्यावरचे ओठ तिनं दोनदा पाहिले आणि मान हलवली. "हिचं शब्द येगलं हायत. माजा धवला हिच्या तोंडान बसनार नाय." शेठ तिच्या पाया पडला आणि तिला घरी सोडून आला.

पिच्चर त्यानं पुरा केला. संकलन पनवेलला एका मुलीनं केलं. माझ्यानं ते चित्र बघवत नव्हतं. पहिला खेळ गावच्या देवीपुढे लावला. मी प्रोजेक्टरपाशी होतो. धवल्याची जागा आली, म्हातारीचा चेहरा पडदाभर दिसला, ओठ हलायला लागले आणि आवाज नाही. आधी कुजबुज झाली, मग मागून शिट्टी आली. "आवाज! ओ फोटोवाले, आवाज!" सगळं पटांगण ओरडायला लागलं.

शेठ उठला, पडद्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला. माईक न घेता बोलला.

"मंडली, आवाज नाय. माज्या हातून गेला. मोबाईल पन मीच ठेवून घेतलं तुमचं. माजी आय हाय ती. तिच्या तोंडाकरं बगा."

लोक बसले आणि अकरा मिनिटं बघत राहिले. मी उठून सांगायला हवं होतं की चूक माझी आहे. सगळं गाव समोर होतं, प्रोजेक्टरचा दिवा माझ्या हाताशी होता. मी उठलो नाही. खेळ संपल्यावर त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "चल, खुर्च्या उचलू."

तो पिच्चर त्यानं सोळा गावांत दाखवला. प्रत्येक गावात तो त्या जागी उठून हेच बोलायचा, आणि प्रत्येक गावात माझं नाव घ्यायचं टाळायचा. गेल्या पावसाळ्यात छातीत दुखतंय म्हणाला. दवाखान्यात नेईपर्यंत शुद्धीवर होता, संध्याकाळी गेला. मयताला सोळाही गावांची माणसं होती. कोणीतरी मला म्हणालं, पिच्चरच्या आवाजाची त्याच्या हातून चूक झाली ती त्याच्या मनाला लागली. मी मान हलवली.

महिन्याभरानं वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, पिच्चरची पेटी माझ्याकडे पाठवली. घरात ठेवली की रडू येतं म्हणाल्या. त्यात न वापरलेलं शूटिंग होतं. स्टँडवरच्या कॅमेऱ्याचं ते चित्र संकलन करणाऱ्या त्या मुलीनं पिच्चरमध्ये घेतलंच नव्हतं, आणि मी कधी पाहिलं नव्हतं. गेल्या आठवड्यात धीर करून लावलं.

सगळा मांडव दिसतो. पाटावर म्हातारी, बाजूला नवरा-नवरी, आणि खांबाशी मोबाईलची परात दोन्ही हातांत धरून शेठ. म्हातारीचे ओठ हलतात आणि त्याचेही हलतात. मला वाटलं, काहीतरी पुटपुटतोय. मी चित्र मोठं केलं. ओळीला ओळ, श्वासाला श्वास, आईच्या बरोबर तो पूर्ण धवला म्हणतोय. कुठे चुकत नाही, कुठे मागे पडत नाही. फक्त एका जागी थांबतो. म्हातारी एक शब्द एकटी म्हणते, तो परात छातीशी घट्ट धरून नुसता तिच्याकडे बघतो, आणि पुढच्या ओळीला पुन्हा तिच्या बरोबर येतो.

त्याला सगळा धवला येत होता. पुरुष धवला गात नाहीत, म्हणून तो बोलला नसेल. किंवा शब्द म्हणजे काही आई नव्हे, असं त्याला वाटलं असेल. किंवा आपले ओठ हलतात हे त्यालाही माहीत नसेल. आई गेल्यानंतरची तीन वर्षं तो जवळजवळ रोज माझ्या दुकानात समोरच्या स्टुलावर बसून चहा प्यायला, आणि त्याच्याशी नजरानजर नको म्हणून मी कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून बसायचो. एकदा जरी मान वर करून विचारलं असतं, शेठ, आई काय गात होती हो, तर त्यानं मला म्हणून दाखवलं असतं.